दोन मिनिटांतली ताई

९ जानेवारी

ताई,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला की एकच बारीक खूण उमटते आणि तिथंच अडकते, म्हणजे माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. सव्वा महिना झाला. पोस्टमनला मात्र तुला बंद करता येणार नाही, म्हणून हा कागद.

तुझा शेवटचा मेसेज अजून माझ्याकडे आहे. "औषधाच्या डब्यात औषधं आहेत. येऊन बघ." बस, एवढंच. आधी मला काही कळलंच नाही. समोरच्या काकूंना फोन केला तेव्हा उलगडा झाला. बाबांचा हात हलवून घ्यायला येतात ते व्यायामवाले डॉक्टर कुठल्याशा कार्यशाळेला गेले होते. तिथं त्यांना आमच्या संस्थेचा अहवाल मिळाला, आणि सतराव्या पानावरची चौकट त्यांनी तुला आणि काकूंना मोठ्यानं वाचून दाखवली. "अहो, हे तर हुबेहूब तुमचंच घर," असं म्हणून वर हसले म्हणे.

ती चौकट मी लिहिली. हे तुला कळलंच आहे, पण माझ्याकडून कळलं नव्हतं, म्हणून आता सांगते.

तुझं नाव त्यात नाही. गावाचंही नाही. 'एका लहान शहरातील चौतीस वर्षांची अविवाहित महिला', एवढंच आहे. पण वायरमन असलेले वडील, अर्धांगानं लुळी पडलेली त्यांची उजवी बाजू आणि निळं दार एवढं लिहिल्यावर नावाची गरज राहत नाही, हे मला कळायला हवं होतं. 'तिची सगळी स्वप्नं औषधाच्या डब्यात बंद झाली' हे वाक्यही माझंच. संपादकांना ते फार आवडलं होतं.

मी माफी मागते. पण ताई, त्या चौकटीत खोटं असं काही नाही गं. घरात बसून आजारी माणसाचं करणाऱ्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही, ते जावं म्हणून लिहिलं. हेतू चांगलाच होता.

बाबा कसे आहेत? उत्तर नाही दिलंस तरी मी लिहीत राहणार आहे.

तुझी,
धाकटी


२४ जानेवारी

ताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तू ते घेतलंस. वाचलंस की त्यावर चहाचा कप ठेवलास, ते तुझं तुला माहीत.

मी इथं नेमकं काय करते ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू लोकांना 'सरकारी ट्रेनिंग' म्हणून सांगतेस. ते सरकारी नाही, आणि ट्रेनिंगही अर्धंमुर्धंच. आम्ही बावीस जण आहोत, सगळे तिशीच्या आतले. कुणी पाण्याचा अभ्यास करतं, कुणी शाळांचा, एक जण तर फक्त बसच्या वेळापत्रकांचा. सरकारी योजना कशा आखतात, नियम कसे लिहितात हे वर्षभर शिकायचं आणि मग एखाद्या खात्यात नाहीतर आयोगात चिकटायचं. चिकटायचं कशाच्या जोरावर, तर ओळखींच्या. आपल्याकडे ओळख काढणं हे हळू आवाजात करायचं काम. इथं त्याचा तास असतो, दर गुरुवारी अकरा ते एक.

हसू नकोस. चहाचा कप डाव्या हातात धरायचा, म्हणजे उजवा हात मिळवायला मोकळा राहतो. समोरच्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचायची, पण वाचतोय असं दिसू द्यायचं नाही. कुणी कार्ड दिलं की घरी येऊन त्याच्या मागं लिहायचं, काय बोललो, मुलं किती, गुडघा दुखतो का. आमच्यात एक मुलगा आहे, सकाळी आठ वाजताही त्याच्या शर्टाला एक घडी नसते, आम्ही त्याला इस्त्री म्हणतो. त्याच्याकडे अशी दोनशे कार्डं आहेत.

हा तास आमच्या संचालकबाई घेतात. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बोलताना समोरच्याकडे असं बघतात की खोटं बोलायची सोयच नाही, असं मला वाटायचं. जुलैत पहिल्याच गुरुवारी त्यांनी फोनमधलं घड्याळ लावलं आणि प्रत्येकाला दोन मिनिटांत स्वतःची ओळख करून द्यायला सांगितली. माझी पाळी आली. मी अर्थशास्त्र, टक्केवारी, आरोग्य धोरणात रस वगैरे सुरू केलं. चाळिसाव्या सेकंदाला त्यांनी हात वर केला.

"हे सगळं तुझ्या अर्जात आहे. तू इथं का आलीस ते सांग."

माझ्या तोंडून निघालं, "माझ्या बहिणीमुळं."

मग मी तुझ्याबद्दल बोलले. एका मुलीनं डोळे पुसले. दोन मिनिटं संपल्यावर बाईंनी घड्याळ बंदच केलं नाही, ते तसंच धावत राहिलं. म्हणाल्या, "हीच तुझी ओळख. हीच सगळीकडे सांगायची."

आणि मी सांगितली. आयोगाच्या सदस्यांना, देणगीदारांना, एका माजी मंत्र्यांना, जिन्यात, लिफ्टमध्ये, चहाच्या टेबलापाशी. सांगून सांगून ती घासली, गुळगुळीत झाली. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं पाठ. मला लोक 'देखभालवाली' म्हणून ओळखायला लागले. घरच्या देखभालीवरच्या अहवालाचं काम मला मिळालं तेही त्यामुळंच.

एकदा एका कार्यक्रमानंतर इस्त्रीनं मला विचारलं, "तुझी बहीण कशी आहे?"

मी म्हटलं, "असतेच तशी. चाललंय."

"नाही, म्हणजे आज कशी आहे?"

तुझ्याशी बोलून तेव्हा तीन आठवडे झाले होते.

मागच्या पत्रात मी लिहिलं की खोटं काही नाही. तसं नाहीच. पण दोन मिनिटांत बसवताना थोडं मागंपुढं झालं असेल. तुझी बारावी अर्धवट राहिली आणि बाबा आजारी पडले, हे मी एका वाक्यात घातलं. ऐकणाऱ्याला वाटायचं की एकामुळं दुसरं झालं. मी दुरुस्त केलं नाही.

धाकटी


१२ फेब्रुवारी

ताई,

आज ते आठ दिवस लिहिते. गेल्या सप्टेंबरातले.

मी अचानक आले तेव्हा तू निळं दार उघडलंस आणि मागं वळून बाबांना ओरडून म्हणालीस, "बाबा, बघा कोण आलंय! मदतीला माणूस आलं!" बाबांनी डावा हात वर केला. मी हसले. मदतीला म्हणून आलेच नव्हते मी. अहवालासाठी 'एका कुटुंबाचा दिनक्रम' लिहायचा होता, आणि अनोळखी घरात जाऊन बसण्यापेक्षा आपलं घर बरं, असा माझा हिशेब होता. संस्थेनं त्याला क्षेत्रभेट म्हटलं आणि प्रवासाचं भाडंही दिलं.

तू बाबांना कुशीवर वळवत होतीस आणि मी वेळ लिहीत होते. सहा दहा, कूस. सहा चाळीस, तोंड धुणं. सात पाच, गोळ्या. तू म्हणालीस, "जरा पाय धर गं यांचे." मी धरले, पण आधी वही बाजूला ठेवायला मला दोन-तीन सेकंद लागले, आणि ते तू बघितलंस. रात्री जेवताना तू खूप बोलायचीस. मी इतकं विचारतेय याचा तुला आनंद होत होता. चौथ्या दिवशी तू म्हणालीस, "इतकं तर तू लहानपणीसुद्धा माझ्याशी बोलली नव्हतीस." मी तेही लिहून घेतलं. अहवालात ते 'देखभाल करणाऱ्या व्यक्तीचा एकटेपणा' या मथळ्याखाली आहे.

काकूंनी मला परवा फोनवर सांगितलं की तुला चौकटीचा एवढा राग नाही आलेला. तू म्हणे त्यांना एकच वाक्य बोललीस, "मला वाटलं ती आमच्याकडे आली होती."

तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. असो. हे तुला सांगून तुझी कीव मागत नाही.

आता जे सांगायचं ते दुसऱ्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं. पाच मार्चला सरकारच्या एका समितीपुढं सुनावणी आहे. घरी आजारी माणसाची देखभाल करणाऱ्यांसाठी योजना येतेय, तिचा मसुदा आमच्या अहवालावर बेतलाय. दरमहा थोडं मानधन आणि वर्षाला एक सन्मानपत्र. मसुदा मांडताना मी बोलणार आहे, माझी ती दोन मिनिटं. संचालकबाई म्हणाल्या, "बहिणीलाच आणता आलं तर? समोर माणूस दिसलं की फरक पडतो." मी "विचारते" म्हटलं. बघ, नाही म्हणाले नाही. त्यांनी हेही सुचवलं की त्या दिवशी आयोगाचे लोक असतील, आयोगात एक जागा सुटणार आहे, आणि माझं बोलणं तिथं ऐकलं जाईल.

तू येणार नाहीस हे मला माहीत आहे. यायचंही नाहीये. सुनावणी खुली असते, बाहेरच्या टेबलावर नाव लिहून कुणीही पाच मिनिटं बोलू शकतं, पण तो तुझ्यासाठी निरोप नाही, नुसती माहिती.

धाकटी


६ मार्च

ताई,

काल तू होतीस तिथं, मग तुलाच ते परत काय सांगायचं? पण बोलताना तू समितीकडे तोंड करून उभी होतीस. मागं मी काय बघत होते ते तुला माहीत नाही.

माझं नाव पुकारलं, मी उभी राहिले, आणि "माझी बहीण" असं म्हणताना माझी नजर शेवटून तिसऱ्या रांगेवर गेली. तू तुझा तो राखाडी स्वेटर घालून बसली होतीस, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. सहा तासांच्या बसनंतरही केस नीट विंचरलेले. मला पहिल्यांदा सुचलं ते काय, तर बाबांजवळ कोण आहे?

मी बोलले तरी. पाठच होतं ना. पण जिथं आवाज खाली आणायचा तिथं तो आपोआपच गेला. शिक्षण सुटलं, या वाक्यापाशी मी तुझ्याकडे बघितलं नाही. टाळ्या वाजल्या. सुनावणीत टाळ्या वाजवत नाहीत, तरी वाजल्या.

मग बाहेरच्या यादीतली नावं आली आणि तू उठलीस.

तुझं बोलणं मी लिहून घेतलं नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच वही बंद होती. आठवतंय तसं लिहिते, चुकलं तर सांग.

तू म्हणालीस, "आत्ता बोलली ती माझी धाकटी बहीण. चांगलं बोलते. पण एक दुरुस्ती आहे. मी बाबांसाठी शिक्षण सोडलं नाही. मी बारावीत गणितात नापास झाले. दोनदा. बाबा तेव्हा खांबावर चढत होते, ठणठणीत होते."

हसू फुटलं लोकांत. अध्यक्षही हसले.

"मग मी चष्म्याच्या दुकानात लागले. बारा वर्षं होते. काउंटर, नंतर फिटिंग, नंतर नंबर काढणाऱ्या डॉक्टरांची सगळी नोंद मीच ठेवायची. म्हातारं माणूस नवा चष्मा घालून पहिल्यांदा रस्त्याकडे बघतं ना, ते तोंड बघायला मला आवडायचं. चार वर्षांपूर्वी बाबा पडले आणि मी ते सोडलं. मला कॉलेज नको होतं. मला दुकान हवं होतं. ते कुणीच लिहीत नाही, कारण दुकान सोडणं म्हणजे कुणाला त्याग वाटत नाही."

तू पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस.

"तुमचं सन्मानपत्र लावायला माझ्याकडे भिंत आहे. बाबांजवळ बसायला माणूस नाही. आठवड्यातून दोन दुपारी, तीन-तीन तास, कुणी शिकलेलं माणूस येऊन बसलं तर मी दुकानात जाईन. मालक आजही घेतो म्हणतात. आज मी इथं येऊ शकले कारण समोरच्या काकू बसल्यात, आणि रात्री साडेदहाच्या पुढं बसणार नाही म्हणाल्यात, तेव्हा मला चारची बस गाठायचीय."

पाच मिनिटांतली तीनच तू वापरलीस.

त्या बारा वर्षांवरून माझ्या दोन मिनिटांनी नांगर फिरवला होता. आणि खरं सांगू? विसरले नव्हते मी. मला त्या दुकानाची लाज वाटायची. कॉलेजात मैत्रिणींना मी सांगायचे, ताई मेडिकल लाइनमध्ये आहे. बारा वर्षांत मी आत दोनदा आले असेन, आणि दोन्ही वेळा घाईत. मला तुझं काहीतरी मोठं गेलेलं हवं होतं, म्हणून मी कॉलेज घातलं. तुझं खरंच जे गेलं ते मला दिसलंच नाही.

आणि नंतरचं चहाचं. आम्ही बावीस जण डाव्या हातात कप धरून अध्यक्षांभोवती घोटाळत होतो, प्रत्येकाच्या मनात पहिलं वाक्य तयार. तू सरळ त्यांच्यापाशी गेलीस आणि म्हणालीस, "साहेब, चष्मा डावीकडे उतरलाय तुमचा. मान दुखत असेल." त्यांनी निमूटपणे काढून दिला. तू दांडी कानामागं जिथं वळते तिथं अंगठ्यानं दाबलीस, नाकावरची बारीक गादी सरळ केलीस, स्वेटरच्या टोकानं काच पुसलीस आणि चष्मा परत त्यांच्या नाकावर ठेवलास. "आता बघा." ते बघत राहिले, आधी भिंतीकडे आणि मग तुझ्याकडे. पंधरा मिनिटं बोलत होते तुझ्याशी. इस्त्रीचा चहा हातातच गार झाला. मला म्हणाला, "हे गुरुवारच्या तासाला का नाही शिकवत?"

मी तुला बस स्टँडवर सोडायला आले. बस लागल्यावर एवढंच म्हणालीस, "बारीक झालीस. नीट जेवत जा." राग गेलाय असं मी धरून चालत नाही. पण मी ते वाक्य पूर्ण रस्ताभर बरोबर घेऊन आले.

धाकटी


२८ एप्रिल

ताई,

परवा सहज मेसेज टाकला आणि दुसरी खूण उमटली! मी खुर्चीतून उठून उभी राहिले. शेजारचा बसच्या वेळापत्रकांवाला विचारतो, "निकाल लागला का?" म्हटलं, लागला.

पण आजचं विचारायचं ते कागदावरच विचारते. फोनवर विचारलं तर मी तुला पटवत बसेन. पटवायचं प्रशिक्षण घेतलंय मी.

समितीच्या शिफारशी आल्या. मानधन आहे, सन्मानपत्र गळलं. आणि नवं कलम आलंय. काही निवडक शहरांत प्रयोग म्हणून आठवड्यातून दोन दुपारी शिकवलेलं माणूस घरी पाठवायचं. कलमाचा मसुदा करायला मलाही बसवलं होतं. 'दोन दुपारी' हे शब्द कुणीतरी बदलून 'आवश्यकतेनुसार' केले होते, ते मी भांडून परत 'दोन दुपारी' केले. फार उड्या मारू नकोस, शिफारस म्हणजे निर्णय नव्हे. पुढच्या वर्षाआधी काही होत नाही, आणि आपलं शहर निवडतील की नाही तेही माहीत नाही.

तू मात्र थांबली नाहीस, हे काकूंकडून कळलं. व्यायामवाल्या डॉक्टरांकडून तू अजून चार घरं शोधलीस म्हणे, जिथं असंच कुणीतरी अंथरुणाला आहे. पाच घरांतल्या चार बायका आणि एक निवृत्त शिक्षक आळीपाळीनं एकमेकांकडे बसता. फ्रिजवर कागद लावलाय, कोण कधी कुणाकडे. डॉक्टर दर महिन्याला सगळ्यांना उचलणं-वळवणं शिकवतात. आणि मंगळवारी, शुक्रवारी तू दुकानात! काकू म्हणाल्या, पहिल्या दिवशी तू निघताना तीनदा परत आलीस, आणि चौथ्यांदा त्यांनी आतून कडी लावून घेतली.

हे मी संचालकबाईंना बोलून बसले. मुद्दाम नाही, आनंदात. त्यांचे डोळे चमकले. वर्षअखेरच्या अहवालात एक मोठं प्रकरण करायचं म्हणतात, फोटोंसह. फ्रिजवरच्या कागदाचाही फोटो. प्रकरण मी लिहायचं, आणि आयोगाच्या मुलाखतीत तेच माझं काम म्हणून दाखवायचं. मुलाखत तेरा मेला आहे.

या वेळी मी 'विचारते' म्हटलं ते खरंच विचारण्यासाठी. लिहू का? 'हो' म्हणालीस तर छापायच्या आधी प्रत्येक ओळ तुला दाखवीन. 'नाही' म्हणालीस तर नाही. कारण सांगायची गरज नाही.

धाकटी


९ मे

ताई,

तुझं कार्ड मिळालं. चष्म्याच्या दुकानाचं पाठकोरं कार्ड पाकिटात घालून पाठवणारी जगात तू एकटीच असशील. इतकं बारीक लिहिलंयस की मला वाटलं, नंबर तपासायचा तक्ता आहे.

"विचारलंस, बरं वाटलं. उत्तर नाही. लिहिलंस की लोक बघायला येतील. बघायला येणाऱ्यांना चहा कोण करणार? मास्तरांच्या बायकोला तर परकं माणूस बघितलं की घाबरायला होतं. आम्हाला बसायला माणसं हवीत, बघायला नकोत. तू रागावू नकोस."

मी रागावले नाही. खरं म्हणजे एक सकाळभर रागावले होते, मग गेला.

बाईंना सांगितलं. त्या बराच वेळ पेन्सिल टेबलावर उलटसुलट करत राहिल्या.

"नाव बदलून?"

"नाही."

"शहर न सांगता?"

"मागच्या वेळीही सांगितलं नव्हतं, मॅडम."

मग त्या एकदम थकलेल्या दिसल्या. म्हणाल्या, "मुलाखतीत दाखवायला तुझ्याकडे मग काय राहतं?" मी म्हटलं, कलम. दोन दुपारी. त्या म्हणाल्या, "कलमावर कुणाचं नाव नसतं गं." रागानं नाही, समजावून सांगितलं. बाई वाईट नाहीत. माझ्यासारख्या किती जणांना त्यांनी उभं केलंय. पण त्यांनाही कधीतरी कुणीतरी चाळिसाव्या सेकंदाला थांबवलं असणार.

मुलाखतीला मी जाणार आहे. जे आहे ते सांगीन.

धाकटी


१० जून, मंगळवार, दुपार

ताई,

तू दुकानात आहेस आणि मी तुझ्या खुर्चीत बसून तुलाच पत्र लिहितेय. आल्यावर टेबलावर सापडेल. समोरासमोर बोलताना मला अजून आवाज कुठं खाली आणायचा ते सुचायला लागतं, ती खोड मोडेपर्यंत कागद बरा.

काल आल्या आल्या तू मला कामाची यादी सांगितलीस, नोकरीचं काही विचारलं नाहीस. म्हणून सांगते. आयोगाची जागा इस्त्रीला मिळाली. मुलाखतीत मला विचारलं, "तुम्ही या विषयाकडे कशा वळलात?" मी म्हटलं, "बहिणीचं ऐकून. उशिरा ऐकलं." पुढं कुणी काही विचारलं नाही. दोन दिवस वाईट वाटलं. इस्त्रीनं मला जेवायला नेलं आणि त्या दोनशे कार्डांतलं एक काढून दिलं. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात घरभेटीचं वेळापत्रक बघायला माणूस हवाय, पगार कमी, मोठेपणा शून्य. कार्डाच्या मागं त्यानं तिथल्या अधिकाऱ्यांबद्दल लिहिलं होतं, 'सरळ बोललेलं आवडतं.' गेल्या आठवड्यात भेटून आले. एक तारखेपासून लागायचंय. ते कार्यालय इथून बसनं दीड तासावर आहे.

आता दुपारचा अहवाल, यात खोटं काही नाही.

तू अडीचला गेलीस. पावणेतीनला बाबांना वळवायला गेले, मला एकटीला जमेना. शिकवलं होतंस तसं गुडघा आधी दुमडायचा ते विसरले. बाबांनी स्वतःच डाव्या हातानं गुडघ्याकडे बोट केलं. मग जमलं. सूप अर्ध्याहून जास्त गेलं, थोडं माझ्या बाहीवर. चारच्या गोळ्या दिल्या. त्यानंतर बाबा छताकडे बघून 'आ, आ' करायला लागले, मी घाबरले, काकूंना बोलवायला निघाले होते, तर काकूंनी खिडकीतूनच ओरडून सांगितलं, "अगं, पंखा आवाज करतोय म्हणतायत!" खरंच करत होता. मी स्टूल ठेवून चढले. बाबा खालून बोटानं दाखवत होते, आणि मी स्क्रू ड्रायव्हर भलत्याच बाजूला फिरवला की कपाळावर हात मारत होते. वीस मिनिटं लागली. आवाज बंद झाला. बाबा डाव्या बाजूनं हसले.

ताई, तीन तास केवढे मोठे असतात! मी सप्टेंबरात आठ दिवस होते इथं आणि मला ते कळलं नव्हतं, कारण मी फक्त काय झालं ते लिहीत होते. मधल्या वेळात काहीच होत नाही, नुसतं बसायचं असतं, आणि तेच काम असतं.

फ्रिजवरच्या कागदावर शुक्रवारचा चौकोन मोकळा दिसला. मास्तरांना त्या दिवशी दवाखान्यात जायचंय ना? तिथं मी पेन्सिलीनं नाव लिहिलंय. तुला चालणार नसेल तर खोडून टाक.

साडेपाच झालेत. बाबा झोपलेत, उजवा हात उशीवर ठेवलाय, सांगितला होतास तसाच. आत्ता दुकानात शाळा उघडायच्या आत म्हणून मुलांचे चष्मे दुरुस्तीला आले असतील. काउंटर सोडून पळत येऊ नकोस. उशीर झाला तरी चालेल.